खाऱ्या सरोवराच्या पाण्याची मानकं कशी ठरवायची

अमळनेरला माझी माती-पाणी तपासणीची छोटी प्रयोगशाळा आहे. येतात त्या विहिरी-बोअरच्या बाटल्या. तापीपलीकडून चोपड्याचे केळीवाले येतात, पारोळ्याकडचे कपाशीवाले येतात, आणि बाटली टेबलावर ठेवून सगळे एकच विचारतात, ‘ताई, हाई पानी चांगलं शे का वाईट?’ मी इसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षार किती) बघते, सामू (पीएच) बघते, सोडियम काढते आणि सांगते. इसी २२५०च्या पुढे असेल तर जपून द्या, सोडियम चढलं असेल तर जमीन चोपण होईल. उत्तर सोपं असतं, कारण पाणी कोणाला पाजायचं ते आधीच ठरलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी रसायनशास्त्राची दोन मुलं लोणारहून एक बाटली घेऊन आली. शेतावर नेते तो माझा खिशातला मीटर ४०००पर्यंतच वाचतो. त्यानं आकडाच दाखवला नाही. सामू दहाच्या जवळ निघाला. मुलांकडे दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा अहवालही होता. त्यात प्रत्येक ओळीपुढे लाल अक्षरात ‘मर्यादेबाहेर’ आणि तळाशी निष्कर्ष: ‘पाणी कोणत्याही वापरास अयोग्य’. मुलं त्या कागदाच्या आधारे निवेदन देणार होती की सरोवर शुद्ध करा. मी दोघांना खाली बसवलं आणि त्या दिवशी दुसरं काम केलं नाही. तो अहवाल मोजणीत चुकला नव्हता. त्यानं पट्टी चुकीची लावली होती, आणि त्या पट्टीनं सरोवर ‘शुद्ध’ केलं असतं तर ते सरोवर राहिलंच नसतं.

तेव्हापासून खाऱ्या पाण्याच्या जागांसाठी धडपडणारी मंडळी आली की मी त्यांना जे सांगते, ते इथे लिहून ठेवते आहे. निवेदन देणाऱ्यांना, जिल्ह्याच्या समितीवर बसणाऱ्यांना, प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडावं. खान्देशात खारं सरोवर नाही. पण भुसावळ, मुक्ताईनगर, मलकापूर, बुलढाणा, चिखली, मेहकर असं करत सकाळी निघालं की दुपारी लोणारच्या काठावर उभं राहता येतं, म्हणून माझी बहुतेक उदाहरणं तिथली.

तक्ता बाजूला ठेवा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं पाण्याचे वापरानुसार ‘अ’ ते ‘ई’ असे पाच वर्ग केलेले आहेत. वन्यजीव आणि मासळीसाठी ‘ड’ वर्ग: सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅम. सिंचनासाठी ‘ई’ वर्ग: सामू ६ ते ८.५, इसी २२५०पर्यंत, बोरॉन २ मिलिग्रॅमपर्यंत. नद्यांसाठी, गोड्या तलावांसाठी हा तक्ता ठीक आहे, मी रोज वापरते. लोणारचं पाणी मात्र यातल्या एकाही वर्गात बसत नाही आणि ते बसायला नकोच. बेसाल्टमध्ये उल्केच्या आघातानं पडलेला तो सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, उन्हानं फक्त वाफ जाते, आणि सोडियमचे कार्बोनेट-बायकार्बोनेट मागे साचत राहतात. सामू ९.५-१० ही त्या पाण्याची प्रकृती आहे, त्याला आजार समजू नका.

गोड्या पाण्याचा तक्ता लावला की दोन बाजूंनी नुकसान होतं. ‘आधीच नासलेलं पाणी आहे’ असं कागदावर आलं की गावचं सांडपाणी तिथं सोडताना कुणाला काही वाटत नाही, कारण अहवालात लाल ओळी आधीही होत्या आणि नंतरही तेवढ्याच असतात. दुसरं नुकसान अधिक खोल आहे. कुणीतरी भल्या मनानं सरोवर ‘सुधारायला’ निघतं, गोडं पाणी आत घ्यायच्या योजना काढतं, आणि सामू साडेआठाकडे सरकला की त्याला यश म्हणतं.

आमच्याकडे उन्हाळ्यात उडदाचे पापड करताना पापडखाराचं माप आई डोळ्यांनी घ्यायची. खार कमी पडला तर पापड फुलत नाही, जास्त झाला तर लाल पडतो आणि कडवट लागतो. दोन्हीकडून हद्द. लोणारच्या काठावर पूर्वी याच जातीचा खार गोळा होत असे आणि त्याच्या प्रतींना दल्ला, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावं होती. खाऱ्या सरोवराचं मानकही असंच दोन्हीकडून बांधावं लागतं. गोड्या पाण्यात आपण फक्त ‘याहून जास्त नको’ असं लिहितो. इथं ‘याहून कमी नको’ हेही लिहायचं, आणि तेच बहुतेक जण विसरतात.

अमेरिकेतल्या युटा राज्यानं ग्रेट सॉल्ट लेकसाठी सर्वसाधारण वर्ग वापरलेच नाहीत, पाचवा वर्ग वेगळा केला आणि त्याचे उपसागरांप्रमाणे पोटभाग पाडले. कारण व्यवहारी आहे. १९५९ साली रेल्वेसाठी सरोवरात दगडमातीचा भराव घातला गेला, त्यानं उत्तरेचा भाग तुटला. नद्या येतात दक्षिणेकडे. त्यामुळे उत्तरेचं पाणी मीठ आणखी विरघळणार नाही इतकं खारं आणि गुलाबी, दक्षिणेचं बरंच कमी खारं. एकाच सरोवरात दोन पाणी असताना एक आकडा दोघांना कसा लावणार? लोणार लहान आहे, तरी तिथंही निदान तीन पाणी आहेत: मधलं खारं सरोवर, वर काठावर असलेल्या धारेसारख्या गोड्या झऱ्यांचं पाणी, आणि झरा सरोवराला मिळतो तो मधला, मचूळ पट्टा. तिन्हींना वेगळी मानकं लिहा. धारेवर लोक अंघोळ करतात, तिथं स्नानाचा ‘ब’ वर्ग अगदी योग्य आहे: १०० मिलिलिटरला कोलिफॉर्म ५००च्या आत, बीओडी (घाण कुजताना लागणारा प्राणवायू) ३च्या आत. तोच ‘ब’ वर्ग खाली, सरोवरात, निरर्थक होतो.

पाणी कोणासाठी, ते नावानं लिहा

आकड्याला हात लावण्याआधी एक परिच्छेद लिहा: या पाण्यावर कोण जगतं. केळीवाल्याचं उत्तर मला सोपं का जातं ते वर सांगितलं. युटाच्या नियमात सरोवराचा संरक्षित वापर सांगताना माणसाचा पाण्याशी येणारा संपर्क, पाणपक्षी, काठावर चरणारे पक्षी आणि पाण्यावर अवलंबून इतर वन्यजीव आहेत, आणि त्यापुढे एक मोलाची भर आहे: त्यांना लागणारी अन्नसाखळी. ही भर पडली की नखाएवढी आर्टेमिया कोळंबी आणि खाऱ्या पाण्यातल्या माश्यांच्या अळ्या कायद्याच्या कक्षेत येतात. त्या संपल्या तर त्यांच्यावर पोसणाऱ्या लक्षावधी टिबुकल्या आणि स्थलांतरी पक्षी उपाशी राहतात.

लोणारसाठी हा परिच्छेद लिहिताना तळापासून सुरू करा. पाण्याला हिरवा रंग देणारी, स्पायरुलिना म्हणून ओळखली जाणारी नीलहरित शेवाळं. त्यांना खाणारे रोटीफरसारखे सूक्ष्म जीव. तळाच्या काळ्या, कुजक्या अंड्याचा वास येणाऱ्या गाळातले प्राणवायूविना जगणारे जिवाणू. मग रोहित, शेकाटे, बदकं. आणि मिठाची वेळ आली की वर येणारे हॅलोआर्किया, म्हणजे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव: जून २०२०मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून ज्यांचं नाव सांगितलं ते हेच. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, आणि त्यांची संख्या वाढून त्यांच्यातलं रंगद्रव्य पाण्यात दिसलं.

या यादीत मासा नाही. नसावाच. खाऱ्या सरोवरात मासे दिसू लागले तर लोक खूश होतात, मी धास्तावते. याचा अर्थ पाणी इतकं गोडावलंय की बाहेरचा जीव आत टिकतोय, आणि जो आतला होता तो लवकरच हरणार.

जुनी नोंद आणि नवी मोजणी

मानक ठरवायला सरोवराचा स्वभाव माहीत हवा आणि स्वभाव एका बाटलीत मावत नाही. किमान दोन वर्षं, दर महिन्याला, त्याच जागांवरून नमुने घ्या. त्यात एक तरी मे महिना कडक आणि एक तरी पावसाळा भरपूर सापडायला हवा. लोणारचं पाणी २०२०मध्ये आटून गुलाबी झालं आणि पुढच्या काही वर्षांत इतकं वाढलं की कमळजा मातेच्या देवळापर्यंत चढलं. फक्त पहिल्या वर्षाचे आकडे धरले असते तर दुसऱ्या काळातलं सरोवर ‘नापास’ झालं असतं. म्हणून सरासरीवर मानक बांधू नका. सगळे आकडे चढत्या क्रमानं लावा, खालचे दहा टक्के आणि वरचे दहा टक्के सोडून मधला पट्टा बघा, आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्या दिवसाची पाण्याची पातळी लिहा. पातळीशिवाय खारटपणाचा आकडा अर्धा आहे. तेवढंच मीठ, पाणी दुप्पट, तर खारटपणा निम्मा. मीठ हरवलं की पाणी वाढलं हे पातळीच सांगते. काठावर खुणा केलेला लोखंडी खांब रोवायला फार खर्च येत नाही. समितीनं सगळ्यात आधी करायचं काम मी हेच सांगते.

आता मोजणीचं. इथं मी जरा रेंगाळणार, कारण माझ्याकडे आलेल्या चुकीच्या अहवालांत अर्ध्याहून जास्त चुका मोजणीतच होत्या. गोड्या पाण्याची पद्धत खाऱ्या पाण्याला तशीच लावली की यंत्र मुकाट्यानं खोटं सांगतं.

नमुना काठावरून, लाटेच्या फेसातून भरू नका. वारा ज्या बाजूला असेल तिकडे शेवाळाची साय गोळा होते. झऱ्याच्या तोंडाशी आणि पावसानंतर आणखी एक गंमत होते, गोडं पाणी हलकं असल्यानं खाऱ्या पाण्यावर तरंगतं. वरच्यावर बाटली बुडवली तर तुम्ही पाऊस मोजताय, सरोवर नाही. हात कोपरापर्यंत बुडवून झाकण पाण्याखाली उघडा, आणि होडी मिळत असेल तर मध्यावरचा, वेगवेगळ्या खोलीचा नमुना घ्या.

सामूच्या मीटरला ४ आणि ७ सामूच्या प्रमाण-द्रावणाच्या गोळ्यांवर जुळवून लोणारला जाऊ नका. ७ आणि ९.२वर जुळवा, जमलं तर १०चं द्रावणही न्या. काचेच्या इलेक्ट्रोडला जास्त सोडियम आणि जास्त सामू एकत्र आले की तो सोडियमला हायड्रोजन समजतो आणि खरा सामू असेल त्याहून कमी दाखवतो. अशा पाण्यासाठी कमी सोडियम-त्रुटीचा इलेक्ट्रोड मिळतो, तो मागवा. सामू ‘उतरला’ अशी बातमी करण्याआधी कुठल्या इलेक्ट्रोडनं मोजला ते विचारा.

टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) काढायला पाणी आटवून कोरडं करतात. सोडा असलेल्या पाण्यात यात मोठी चूक लपलेली असते. तापवताना बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उडून जातं, आणि वजन कमी भरतं. म्हणून बायकार्बोनेट वेगळं टायट्रेशननं काढून हिशेब जुळवा. इसी मोजताना ऊर्ध्वपातित पाण्यानं दहापट पातळ करून दहानं गुणायची सवय सगळ्यांना आहे, पण खारटपणा वाढेल तशी विद्युतवाहकता त्याच प्रमाणात वाढत नाही. सरोवराच्याच पाण्याचा स्वतःचा कोष्टक एकदा बनवून घ्या: एक बादली पाणी थोडं थोडं आटवत आणि पातळ करत जायचं, दर वेळी इसी आणि खरा क्षार दोन्ही मोजायचे. दोन दिवसांचं काम आहे, मग वर्षानुवर्षं पुरतं. राजस्थानातल्या सांबर सरोवरासारख्या फार खाऱ्या जागी तर घनता मोजणारा हायड्रोमीटरच जास्त भरवशाचा.

क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटनं काढणार असाल तर नमुना आधी आम्लानं उदासीन करा, नाहीतर कार्बोनेटच चांदी खाऊन टाकतं. सीओडीची (सेंद्रिय घाण रसायनानं जाळायला लागणारा प्राणवायू) तर गोष्टच वेगळी: त्या चाचणीत क्लोराइडही ऑक्सिडीकृत होतं आणि आकडा फुगतो. मर्क्युरिक सल्फेट घालून ते बांधतात, पण ती नेहमीची पद्धत क्लोराइड २००० मिलिग्रॅमपर्यंतच चालते. लोणारच्या पाण्यात क्लोराइड त्याहून बरंच जास्त असतं. तो फुगलेला सीओडी मी अहवालात ‘तीव्र प्रदूषण’ म्हणून छापलेला पाहिला आहे. खाऱ्या सरोवराच्या मानकात सीओडी ठेवूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. सेंद्रिय भार बघायचा तर एकूण सेंद्रिय कार्बन मोजा.

प्राणवायूचंही तसंच. २५ अंशाला गोडं पाणी लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकतं, समुद्राचं पाणी ६.७च्या आसपास. मीठ वाढेल तसं हे आणखी उतरतं. मीटरमध्ये खारटपणाची दुरुस्ती भरल्याशिवाय आलेला आकडा लिहू नका. आणि मोजायचं ते सूर्योदयाआधी. दुपारी शेवाळ भरपूर प्राणवायू सोडतं, पहाटे तेच शेवाळ तो ओढून घेतं. दुपारी बाराला पोचून मोजणारी पथकं सरोवराची पहाट कधीच पाहत नाहीत.

आकडे कुठून आणायचे

माझा क्रम असा: आधी खारटपणा आणि अल्कता (सोड्याचा अंश) यांचा पट्टा, मग अमोनिया, मग नत्र-स्फुरद, मग विषारी धातू आणि कीटकनाशकं.

खारटपणाचा पट्टा त्यातल्या जीवांवरून ठरतो. ग्रेट सॉल्ट लेकमध्ये दक्षिण भागाला साधारण १२ ते १६ टक्के खारटपणा मानवतो असं तिथले अभ्यासक धरतात. २०२२च्या शरद ऋतूत पातळी तोवरच्या नीचांकाला गेली तेव्हा तो १९ टक्क्यांच्या जवळ पोचला आणि माश्यांच्या अळ्या मरू लागल्या. मग रेल्वेच्या भरावातल्या पुलाखालचा बांध फेब्रुवारी २०२३मध्ये उंच केला, म्हणजे उत्तरेचं जास्त खारं पाणी दक्षिणेत येणं थांबलं. मानकाचा आकडा हातात असल्यामुळे काय करायचं ते ठरवता आलं. लोणारला युटाचे टक्के लावू नका. तिथलं पाणी जातीनंच वेगळं आणि पुष्कळ कमी खारं आहे. पट्टा तिथल्या शेवाळावरून, तिथल्या रोटीफरवरून, तुमच्या दोन वर्षांच्या नोंदीवरून निघायला हवा.

अमोनियाकडे जास्त लक्ष द्या. गावचं सांडपाणी येतं तिथं तो येतोच. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, बराचसा निरुपद्रवी अमोनियम आणि विषारी मुक्त अमोनिया. कोणतं किती ते सामू ठरवतो. २५ अंशाला सामू ८ असताना एकूण अमोनियातला जेमतेम ५ टक्के विषारी रूपात असतो. सामू ९.५ला ६४ टक्के. १०ला ८५ टक्के. म्हणजे जे सांडपाणी बोरी नदीत सोडल्यावर थोडा त्रास देईल, तेच सोड्याच्या सरोवरात कित्येक पटीनं विषारी होतं. ‘सरोवर एवढं खारं, त्याला सांडपाण्यानं काय होणार’ असं कुणी बैठकीत म्हणालं तर हे तीन आकडे फळ्यावर लिहा. सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्राला मग ‘गोड्या नदीत सोडण्याजोगं’ एवढ्यावर सूट देता येत नाही, अमोनियाची मर्यादा सरोवराच्या सामूवरून उलट काढावी लागते.

नत्र आणि स्फुरद साबणातून, खतांतून, शौचकूपांतून येतात. त्यांची मर्यादा सरोवरात जेवढी ठेवाल त्याहून महत्त्वाची झऱ्यांच्या आणि नाल्यांच्या तोंडाशी आहे, कारण या भांड्याला तोटी नाही. जे आत गेलं ते राहिलं. नदीत चालतो तो ‘लिटरला इतके मिलिग्रॅम’चा हिशेब इथं अपुरा पडतो, ‘वर्षाला इतके किलो’ असा भार ठरवा.

विषारी धातूंचं शहाणपण युटाकडून घ्यावं. सेलेनियमनं पक्ष्यांचं काय होतं ते १९८३मध्ये कॅलिफोर्नियात केस्टरसन जलाशयावर दिसलं होतं: शेतीच्या निचऱ्यातून आलेलं सेलेनियम अन्नातून पक्ष्यांत गेलं आणि अंड्यांतली पिल्लं विकृत निपजली. पाण्यात ते इतकं थोडं असतं, आणि मीठ मोजणीत इतकं आड येतं, की पाण्यातला आकडा फसवा ठरतो. म्हणून ग्रेट सॉल्ट लेकच्या दक्षिण भागातल्या गिल्बर्ट उपसागरासाठी २००८मध्ये जे मानक ठरलं ते पाण्याचं नाही, पक्ष्याच्या अंड्याचं आहे: कोरड्या वजनाच्या किलोला १२.५ मिलिग्रॅम सेलेनियम. मला ही कल्पना फार पटते. ज्याला वाचवायचं त्याच्याच शरीरात मोजलं. आपल्याकडे अंड्याला हात लावायला वनखात्याची परवानगी लागेल, आणि लागायलाच हवी. परवानगी मिळेपर्यंत शेवाळात आणि गाळात मोजता येईल. पण सेलेनियमच का, हे विचारा. तुमच्या खोऱ्यातून काय वाहून येतं ते आधी बघा, भोवती सोयाबीन-कपाशी असेल तर कीटकनाशकं आधी तपासा.

सरोवरातल्याच जीवांवर विषारीपणाची चाचणी घेणार असाल तर तुलनेसाठी नळाचं पाणी वापरू नका. गाळलेलं सरोवराचं पाणी वापरा, आणि त्या स्वच्छ नमुन्यातच दहापैकी एकाहून जास्त जीव मेले तर ती चाचणी फेकून द्या.

किती, किती वेळ, किती वेळा

आकडा एकटा मानक होत नाही. त्याला तीन पाय हवेत: किती, सलग किती काळ, आणि किती वर्षांत किती वेळा चालेल. मुक्त अमोनिया एका तासासाठी वेगळा आणि महिन्याच्या सरासरीसाठी वेगळा लिहा. खारटपणाला तासाचा हिशेब लागू नाही, तिथं हंगाम आणि वर्ष धरा.

आणि मर्यादा ओलांडेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. युटाच्या सेलेनियमच्या नियमात पायऱ्या आहेत. अंड्यात ५ दिसलं की मोजणी वाढवायची, ६.४ला नव्या परवान्यांची कडक छाननी, ९.८ला भार कमी करण्याचा अभ्यास सुरू, आणि १२.५ला सरोवर बाधित जाहीर. माझ्या मते आपल्या कोणत्याही सरोवराच्या मानकात ही जिन्याची पद्धत असावीच. सरकारी यंत्रणा हलायला वेळ घेते, तो वेळ नियमातच आधी पेरून ठेवायचा.

काही गोष्टी आकड्यात बसत नाहीत, त्यांच्यासाठी शब्दांतलं मानक लिहा. मी सुचवते तो मसुदा असा: ‘सरोवरात वा त्याला मिळणाऱ्या प्रवाहात असं काहीही सोडू नये, ज्यानं सरोवराचा नैसर्गिक रंग, वास, खारटपणा वा अल्कता हंगामी पट्ट्याबाहेर जाईल, किंवा तिथल्या मूळ जीवसृष्टीची जागा बाहेरची जीवसृष्टी घेईल.’ यातला शेवटचा, बाहेरच्या जीवसृष्टीचा भाग गाळू देऊ नका. गोडं पाणी हेही प्रदूषक ठरू शकतं, हे म्हणायची कायद्यात तीच एक जागा आहे.

पक्ष्यांच्या मृत्यूसाठीही एक कलम ठेवा. नोव्हेंबर २०१९मध्ये सांबरला अठरा हजारांहून जास्त पक्षी मेले, कारण बोटुलिझम (जिवाणूंच्या विषाची बाधा) निघालं. मेलेल्या पक्ष्यावरच्या अळ्या दुसरे पक्षी खातात आणि विष पुढे सरकतं. किती मृत पक्षी दिसले की कुणी, किती तासांत ते उचलायचे आणि नमुना कुठे पाठवायचा, हे मानकाच्या कागदातच लिहिलेलं असावं.

कागद कुठे न्यायचा

दोन दारं आहेत. सांडपाणी आणि सोडण्याच्या मर्यादा १९७४च्या जल प्रदूषण कायद्याखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. सरोवराचं व्यवस्थापन २०१७च्या पाणथळ नियमांखाली राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाकडे. लोणार २०२०पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय करारातली महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, त्यामुळे ‘मूळ पर्यावरणीय स्वरूप टिकवणं’ ही जबाबदारी कागदावर आधीच आलेली आहे. तुमचा मानकांचा मसुदा त्या स्वरूपाची व्याख्या म्हणून द्या, स्वतंत्र मागणी म्हणून नको. तो लवकर वाचला जातो.

तिसरा आधार न्यायालयाचा. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकचे ओढे १९४१पासून लॉस एंजलिसला वळवले, १९८२पर्यंत पाणी ४५ फूट उतरलं आणि खारटपणा दुप्पट झाला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८३मध्ये सांगितलं की सरोवर ही लोकांची ठेव आहे, सरकार केवळ विश्वस्त. त्या आधारावर १९९४मध्ये पातळीचंच मानक ठरलं: समुद्रसपाटीपासून ६३९२ फूट. तीस वर्षं उलटली तरी पाणी तिथवर पोचलेलं नाही, पण दरवर्षी किती पाणी सोडायचं यावर तो आकडा आजही बोलतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६मध्ये कमलनाथ प्रकरणात हेच विश्वस्ततेचं तत्त्व भारतात लागू केलं, आणि त्या निकालात मोनो लेकचा दाखला आहे. तुमच्या निवेदनात तो असू द्या.

त्या दोन मुलांचं निवेदन आम्ही नव्यानं लिहिलं. ‘सरोवर शुद्ध करा’ हा मथळा काढला. पहिल्या पानावर जीवांची यादी, दुसऱ्यावर अमोनियाचे तीन आकडे, तिसऱ्यावर पातळीच्या खांबाची मागणी आणि जागेचा नकाशा. जुना लाल अहवाल शेवटी जोडला, वर पेनानं एवढंच लिहून: ‘हा तक्ता गोड्या पाण्याचा आहे.’

तुम्ही सुरुवात करणार असाल तर पहिली फेरी मे महिन्याच्या शेवटी करा, मृगाचा पाऊस पडायच्या आत. पाणी सगळ्यात खारं तेव्हाच असतं आणि वर्षभराचे बाकीचे आकडे त्याच्याशी ताडता येतात. पहाटे पाचला काठावर पोचायचं तर आदल्या रात्री लोणारलाच मुक्काम करावा लागतो. प्लास्टिकच्या बाटल्या, बर्फाचा डबा, ९.२चं द्रावण, टॉर्च आणि पाण्यात भिजला तरी पुसणार नाही असा पेन्सिलीनं लिहायचा वहीचा गठ्ठा सोबत ठेवा.